उचलून पाहिलेला घडा

२६ जून १९७८, चिखला

आज शाळा उघडली. मी मराठी आणि इतिहासाच्या तयारीने गेले होते. हेडमास्तर कृष्णराव ठवकरांनी वेळापत्रक पुढे सरकवलं, तर आठवी-नववीचे चित्रकलेचे सगळे तास माझ्या नावावर. मी म्हटलं, सर, मला चित्र काढता येत नाही. ते मान वर न करता म्हणाले, "भुरेबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आमच्या कारधा गावाहून पूल ओलांडून चार वर्षं भंडाऱ्याला गेले, ते काय फळ्यावर आंबा आणि केळं काढण्यासाठी? पण खोलीवर आल्यावर वाटलं, ही कुरकुर बरी नाही. इथली मुलं मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीत वाढलेली. रस्ता काळा, नाली काळी, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर काळी धूळ. यांना रंग कोण दाखवणार? मी या मुलांना पाहायला शिकवीन. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

३ जुलै

शाळेच्या कपाटात रंगाच्या पाच पेट्या निघाल्या. पाचही पेट्यांत काळी वडी झिजून तळ दिसतो आणि गुलाबीला कोणी बोटही लावलेलं नाही. नववीला "आपली शाळा" काढायला सांगितलं. सगळ्यांनी जमीन काळी रंगवली. मी म्हटलं, जमीन तपकिरी असते. मग दुसऱ्या बाकावरची वच्छला रामटेके उभी राहिली.

"बाई, कुठली?"

सगळे हसले, मीही हसले. मग म्हटलं, बरं, काळी तर काळी, पण सगळीकडे एकच काळा फासू नका. ती म्हणाली, एकच कुठं आहे? आणि आपल्या कागदावर बोट ठेवत सांगू लागली. हा तव्याचा, हा म्हशीच्या पाठीचा, हा ओल्या दगडाचा, आणि हा दगड फोडल्यावर आतला, तो चमकते. मी वाकून पाहिलं. खरंच चार होते. एका वडीतून तिने चार काळे काढले होते.

मुलीला दृष्टी आहे. कुठून आली असेल?

८ जुलै

हेडमास्तरांनी एक परिपत्रक टेबलावर टाकलं. "वाचा आणि परत करा." एलिमेंटरी चित्रकला परीक्षा, सप्टेंबरात, केंद्र तुमसर. आपल्या शाळेतून आजवर कोणी बसलेलं नाही. मी उत्साहाने विचारलं, सर, बसवायची का मुलं? ते म्हणाले, फॉर्म भरायची मुदत मागच्या पानावर आहे. एवढा कोरडा माणूस मी पाहिला नाही. ना होय, ना नाही.

सात मुलं तयार झाली. पाच मुलगे, दोन मुली. ही एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, मग चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा. वच्छला एक दिवस चित्रकलेची बाई होऊ शकते. खरीखुरी, माझ्यासारखी चांगल्या अक्षरावर नेमलेली नव्हे. हे तिला सांगितलं तर ती खाली पाहत म्हणाली, "माले विचारा."

इकडे मुलं आईला "मा" म्हणतात. म्हणजे आईला विचारा.

१५ जुलै

आज शनिवार, सकाळची शाळा. दुपारी वच्छलाच्या आईला, सुमनबाईंना भेटायला निवडणीच्या फलाटावर गेले. खाणीतून वर आलेला दगड इथे ओतला जातो. बायका तो हातोडीने फोडतात आणि निवडतात. प्रत्येकीच्या भोवती तीन ढीग: उजवीकडे पहिल्या नंबरचा, समोर दुसऱ्या नंबरचा, डावीकडे टाकाऊ.

सुमनबाई माझ्याशी बोलत होत्या, माझ्याकडेच पाहत होत्या, आणि हात आपले चालू. दगड उचलायचा, तळहातावर जरा झेलल्यासारखा करायचा, की तो गेला आपल्या ढिगात. मी विचारलं, न पाहता कसं कळतं? त्यांनी दोन दगड माझ्या दोन हातांत दिले. दिसायला जुळे. काळे, चमकदार. एकाने माझा हात खाली गेला.

"डोया फसवते, बाई," त्या म्हणाल्या. "हात नाई फसवत."

शेजारच्या म्हाताऱ्या रुखमाबाईंनी विचारलं, मास्तरीणबाईला फलाटावर कामाला घ्यायचं का. सुमनबाई म्हणाल्या, टाकाऊच्या ढिगावर घेऊ. बायका हसल्या. मला राग आला नाही. आला असेल तर थोडाच.

मग परीक्षेचं काढलं. तेव्हा कळलं, या रुखमाबाई जानेवारीत काम सोडणार आहेत, आणि त्यांची जागा मुकादम भैय्यालाल वच्छलासाठी राखून ठेवतो आहे. बाहेर त्या जागेसाठी दहा बायका उभ्या आहेत. सुमनबाई वाईट बाई नाहीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जागा गेली का गेली, बाई. चित्राले जागा कुठं असते?"

शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं: परीक्षेचा निकाल येऊ द्यायचा. पास झाली तर शिकेल. नाही झाली तर जानेवारीपासून हातोडी.

म्हणजे सगळं आता माझ्यावर आलं.

१६ जुलै

काल लिहायचं राहिलं. फलाटावरून परतताना सुमनबाईंनी घरी नेऊन चहा दिला. त्यांचे नवरे आनंदराव पाळी करून आले होते, आत झोपले होते. घर दोन खोल्यांचं आणि लख्ख. भिंतीवर पंचशीलाचा छोटा पंचरंगी झेंडा. मी चहा प्यायले. आज घरी पत्र लिहिलं, त्यात दगडांचं लिहिलं, चहाचं लिहिलं नाही. आमच्या घरी त्यांच्या वस्तीत कोणी पाणी पीत नाही. मी काही चूक केली नाही हे मला माहीत आहे. मग लिहिलं का नाही?

२४ जुलै

मला माझी पद्धत सापडली.

भंडाऱ्याहून आणलेल्या पुस्तकात घड्याच्या तोंडाची लंबवर्तुळं कशी काढायची ते दिलं आहे. पंधरा दिवस मी ते शिकवते आहे आणि मुलांचे घडे हवेत तरंगतात. आज घडा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, आधी प्रत्येकाने येऊन उचलून पाहा, मग काढा. मुलं रांगेने आली. कोणी एका हाताने, कोणी दोन्ही हातांनी उचलला. मंगरू नावाचा मुलगा कुशीत घेऊन उभाच राहिला, त्याला ढकलावं लागलं.

आणि घडे बसले! खाली टेकले. वच्छलाच्या घड्याच्या बुडाशी असा काळा होता की वाटलं टेबल वाकेल.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: उचलल्याशिवाय काढायचं नाही. रोज तासाच्या सुरुवातीला मुलं एका सुरात म्हणतात.

१९ ऑगस्ट

वांगं, लोटा, वीट, कंदील, हेडमास्तरांची छत्री. सगळं उचलून झालं. छत्री मी न विचारता घेतली होती. ते वर्गाच्या दारात आले, मुलं छत्री हातोहात फिरवताना पाहिली, आणि आल्या पावली परत गेले. मला वाटलं, आता मेमो येणार. आला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पाणी भरायचा एक पितळी गुंड ठेवलेला होता. शिपाई म्हणाला, सरांनी घरून पाठवला, तिथे अडगळ होते म्हणून. घरात अडगळ झाली तर शाळेत पाठवायची, हीही एक रीत.

असो. गुंड चांगला आहे. त्यावर उजेड फार सुंदर पडतो.

सुमनबाईंना मी माझा एक घडा दाखवला. मी स्वतः काढलेला. त्यांनी कागद हातात घेतला, तळहातावर जरा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "हलका आहे, बाई." आणि डावीकडे ठेवला. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे खाली.

१० सप्टेंबर

परीक्षेला तेरा दिवस. भूमिती बरी. संकल्पचित्रात मंगरूने सगळीकडे बेडूक घातले आहेत, पण ते नीट बसतात. मला झोप कमी आहे. एक प्रश्न सतावतो, तो इथेच लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखा नाही. मला वच्छला पास व्हावी असं वाटतं ते तिच्यासाठी, की मी केलं असं म्हणता यावं म्हणून? दोन्ही असेल. दुसऱ्याचं प्रमाण किती, हे तळहातावर घेऊन पाहता आलं असतं तर बरं होतं.

२२ सप्टेंबर

तुमसरला मुलांना न्यायचं कसं याची चिंता होती. सकाळची बस वेळेवर आली तर देवाची कृपा. संध्याकाळी मुकादम भैय्यालाल खोलीवर येऊन सांगून गेला की उद्या आणि परवा कंपनीचा ट्रक सहाला शाळेसमोर येईल. मी विचारलं, कोणी सांगितलं? तो म्हणाला, वरून आलं. खाणीतल्या लोकांना शिक्षणाची किती कळकळ आहे! आणि आमचे हेडमास्तर दुपारी शाळा सोडून खाणीच्या ऑफिसात जाऊन बसले होते. म्हणे कोणाशी तरी जुनी ओळख. मुलांना दोन शब्द सांगायलाही थांबले नाहीत.

२३ सप्टेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

साडेसातला केंद्रावर पोचलो. पहिला पेपर वस्तुचित्राचा. वर्गाच्या मधोमध टेबल, त्यावर मातीचा घडा, एक पुस्तक, दोन लिंबं. भोवती गोल करून मुलं. आम्हा शिक्षकांना बाहेर काढलं. मी चिंचेखाली बसले आणि मनातल्या मनात उजळणी करत होते, काय सांगायचं राहिलं. पेन्सिलला टोक, नंबर उजव्या कोपऱ्यात, पाणी सांडू नका. सगळं सांगितलं होतं.

एक सोडून. परीक्षेत मांडलेल्या वस्तूंना हात लावायचा नसतो.

हे मला माहीत होतं. पुस्तकात होतं. पण ते सांगायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सांगितलं ते उलटंच, दोन महिने, रोज, एका सुरात.

पेपर सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि आतून आरडाओरडा ऐकू आला. नंतर मुलांनी सांगितलं ते असं. वच्छला उठली, टेबलापाशी गेली, घडा दोन्ही हातांनी उचलला, जरा झेलला आणि ठेवला. तिच्यामागे मंगरू रांग लावून उभा होता. त्याच्यामागे आमचे उरलेले पाच. तुमसरच्या शाळेची मुलं ओरडली, सर, आमचं चित्र बिघडवलं.

पर्यवेक्षकांनी सातही जणांना भिंतीशी उभं केलं. वच्छलाला विचारलं, घडा काहून उचलला? ती म्हणाली, "सर, उचलल्याशिवाय काढायचं नाही." त्यांना वाटलं, उद्धटपणा करते आहे. त्यांनी टेबलावरची खडूची खूण तपासली. घड्याभोवती आधीच गोल आखलेला होता, आणि घडा त्या गोलात होता तसाच बसलेला होता, सुताइतकाही सरकला नव्हता. तरी त्यांनी वहीत शेरा लिहिला. बाकीच्या सहांना लगेच बसवलं, कारण त्यांनी हात लावला नव्हता. वच्छलाला अर्धा तास उभी ठेवून मग कागद परत दिला. म्हणाले, पूर्ण कर, पण तुझा पेपर तपासायचा की नाही ते वरचे ठरवतील.

दोन तासांच्या पेपरातला अर्धा तास.

ती बाहेर आली तेव्हा मी रडत होते, ती नव्हती. मी म्हटलं, वच्छला, चूक माझी आहे. तिने ते ऐकलंच नाही. ती दुसऱ्याच कशात तरी होती.

"बाई, घडा रिता नव्हता," ती म्हणाली. "अर्धी रेती होती त्यात. म्हणून तसा बसला होता. बाकीच्यांनी सगळ्यांनी रिता काढला."

वाऱ्याने पडू नये म्हणून पर्यवेक्षकांनी रेती घातली असणार. चाळीस मुलांच्या त्या वर्गात हे तिला एकटीला माहीत होतं.

मी विचारलं, वेळ पुरला का? ती म्हणाली, भिंतीशी उभी होती तेव्हा घडा पाठ झाला.

२४ सप्टेंबर

आज उरलेले पेपर झाले. कोणी कशाला हात लावला नाही. परत येताना ट्रकमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही. वसाहतीच्या वळणावर मंगरू म्हणाला, बाई, उद्यापासून उचलायचं का नाही? मी म्हटलं, उचलायचं. शाळेत उचलायचं. पण माझा आवाज मला खोटा वाटला.

२५ सप्टेंबर

सुमनबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, दार लावून घेतील. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे पोरीनं मी शिकवलं तेच केलं."

मी म्हटलं, नाही सुमनबाई, मी शिकवलं म्हणून. त्यांनी तांदळातला एक खडा काढून टाकला आणि म्हणाल्या, बरं, तुमी शिकवलं.

हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवते आहे. आता खोलीवर बसून २६ जूनचं पान उघडलं. "मी या मुलांना पाहायला शिकवीन." लाज वाटली. पान फाडणार होते, फाडलं नाही.

परीक्षेच्या नागपूरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चूक संपूर्ण माझी, मुलीने शिक्षिकेची आज्ञा पाळली, शिक्षा करायची तर मला करावी. तीन पानं झाली. हेडमास्तरांच्या सहीशिवाय जाणार नाही म्हणून त्यांच्याकडे दिलं. त्यांनी तिन्ही पानं वाचली. मी उभीच. वाचून म्हणाले, "पुष्कळ विशेषणं आहेत." आणि खणात ठेवलं.

३ ऑक्टोबर

पत्र अजून खणातच असावं. आज धीर करून विचारलं. ते म्हणाले, पाहतो. उलट माझ्याकडून वच्छलाची चित्रांची वही मागून घेतली. कशाला ते सांगितलं नाही. बहुतेक पुरावा म्हणून फाइलला लावणार.

१४ ऑक्टोबर

हेडमास्तर दोन दिवस रजेवर होते. मेव्हण्याकडे बारसं. आज आले ते थकलेले, टाचा दुखत असल्यासारखे चालत होते. बारशात इतकं काय चालावं लागतं? वच्छलाची वही परत दिली. घड्यांच्या पानात त्यांचं नागपूरच्या बसचं तिकीट राहिलं होतं, ते मी काढून टाकलं. माणसाने दुसऱ्याच्या वहीची तरी कदर करावी. बारशाला जाताना मुलीची वही कशाला न्यायची?

पत्राचं विचारलं. म्हणाले, पोचलं. पोस्टाने इतक्या लवकर पोच येते हे मला माहीत नव्हतं.

६ नोव्हेंबर, कारधा

दिवाळीची सुट्टी. वाडीतल्या वांग्यांची टोपली समोर घेऊन बसले आणि एक वांगं उचलून काढायला लागले. बाबा बाजेवरून पाहत होते. घरी मला रुखमा म्हणतात, फलाटावरच्या म्हातारीचंच नाव. बाबा म्हणाले, "रुखमे, वांगं काढाले उचला लागते?" मी कारण सांगितलं. ते उठले, टोपलीत हात घालून एक-एक वांगं तोलू लागले आणि त्यातलं एक माझ्यापुढे ठेवलं. हे काढ, यात बिया कमी आहेत. ते जड आहे, ते नको.

चाळीस वर्षं बाबा वांगी तोलताहेत आणि मी पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात होते.

मग मी सुमनबाईंच्या घरच्या चहाचं सांगून टाकलं. आई चुलीकडे वळली. बाबांनी हातातलं वांगं टोपलीत ठेवलं. म्हणाले, चहा तं चहाच असते. मग शेजारी जागेश्वरकाका आले, तर त्यांना माझं चित्र दाखवून सांगू लागले, पोरगी खाणीतल्या पोरांना शिकवते.

९ डिसेंबर, चिखला

निकाल आला.

सातांपैकी पाच पास. वच्छला रामटेके, ब श्रेणी. मंगरूला क, बेडकांसह. तिच्या नावापुढे ना शेरा, ना खूण. दिलेल्या कारणाचा विचार झाला असावा. माझं पत्र उपयोगी पडलं म्हणायचं.

हेडमास्तरांना यादी दाखवायला धावत गेले. ते म्हणाले, यादी फळ्यावर लावा. मग म्हणाले, त्या मुलीचं एखादं चित्र असेल तर द्या, माझ्या खोलीत भिंतीला ओल आहे, झाकायला पाहिजे. मी गुंडाचं चित्र दिलं. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकला, बरोबर आपल्या खुर्चीसमोर. त्या भिंतीला ओल मला तरी कधी दिसली नव्हती.

सुमनबाईंना निरोप पाठवला. उत्तर आलं, परीक्षेतलं चित्र घेऊन या, मग बोलू. पेपर परत मिळत नाही हे मी कळवलं. त्यांचं उत्तर: पोरीले पाठ आहे म्हणते, काढू द्या.

१२ डिसेंबर

काल दिवसभर वच्छलाने घडा पुन्हा काढला. समोर काही न ठेवता. मी शेजारी बसून गुंड काढत होते. खूप वेळा उचलून पाहिला. हात दुखून आला.

आज मधल्या सुट्टीत दोघी दोन कागद घेऊन फलाटावर गेलो. बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मुकादम भैय्यालालही होता, रुखमाबाईंच्या जागेचं आज नक्की करायचं म्हणून. ब श्रेणी सरकारची. इथली श्रेणी अजून बाकी होती.

सुमनबाईंनी हात पुसले. आधी माझा कागद घेतला. तळहातावर धरला, पाहिला, पुन्हा धरला. बायका गंमत पाहायला जवळ सरकल्या. त्यांनी तो समोर ठेवला. दुसऱ्या नंबरच्या ढिगावर. रुखमाबाई म्हणाल्या, मास्तरीण वर चढली. मी खोटं कशाला लिहू, पदवीच्या दिवशी इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग वच्छलाचा कागद. तो त्यांनी तोललाच नाही. दोन्ही हातांत धरला आणि पाहत राहिल्या. त्यांच्या बोटांची काळी खूण कागदाच्या दोन्ही कडांना उमटली. वच्छलाने घरी रेतीचं कोणाला सांगितलं नव्हतं, हे तिने मला वाटेत सांगितलं होतं.

"हा रिता नाई," सुमनबाई म्हणाल्या. "अर्धा भरला आहे."

वच्छला तेव्हा रडली. परीक्षेच्या दिवशी रडली नव्हती, ती आज रडली.

सुमनबाईंनी कागद उजवीकडे ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला, आणि मुकादमाला म्हणाल्या, "भैय्यालालभाऊ, त्या जागेवर बाहेर थांबलेल्या परसरामच्या बायकोचं नाव लिहा. माही पोरगी नाई येणार."

तो म्हणाला, विचार करा, जागा पुन्हा नाही मिळणार. त्या म्हणाल्या, माहीत आहे. आणि भाकरी खायला बसल्या, जणू काही झालंच नाही. एवढा मोठा निर्णय इतक्या कमी शब्दांत घेणारं माणूस मी पुस्तकातही वाचलेलं नाही.

घंटा व्हायची वेळ झाली. वच्छलाचा कागद घ्यायचा म्हणून मी त्यावरचा दगड उचलला. न पाहता, तळहातावर जरा झेलला. जड होता. मी म्हटलं, पहिल्या नंबरचा.

सुमनबाईंनी तो माझ्या हातातून घेतला.

"दुसरा," त्या म्हणाल्या. "पण आता तुमी उचलून तं पायता."